तलाव म्हणजे हौद नव्हे

मासा म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. माडांची रांग, वाळूवर ओढलेल्या होड्या, डोक्यावर पाटी घेऊन निघालेली कोळीण, असे ते ठरलेले चित्र. आमच्या कथांतले मासे खाऱ्या पाण्यातले, गाण्यांतले खाऱ्या पाण्यातले, आणि दिवाळी अंकाच्या पाककृतींच्या पानावरचे तर बहुधा खाऱ्या पाण्यातलेच. सुरमईचे तुकडे किती जाड असावेत आणि पापलेटाला कोणते वाटण लावावे, हे भंडाऱ्याच्या गृहिणीने वाचायचे, अंक मिटायचा, आणि मग दारावर आलेल्या ढिवरणीच्या टोपलीतली जिवंत मरळ घासाघीस करून घ्यायची. त्या मरळीविषयी अंकात अवाक्षर नसते.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. सातपाटीच्या मच्छीमारांची ती मागणी होती. लहान पिल्ले मारली जाऊन हा मासा पुढे नावालाही उरणार नाही, ही त्यांची भीती खरी होती. तेव्हा झाले ते योग्यच झाले. गंमत एवढीच, की त्या वेळी मत्स्यव्यवसाय खात्याचे मंत्री आमच्या शेजारच्या चंद्रपूरचे, म्हणजे तलावांच्याच मुलखातले होते. महाराष्ट्राचे जिल्हे ३६. त्यांतल्या ७ जिल्ह्यांना समुद्र लाभला आहे. उरलेल्या २९ जिल्ह्यांतली माणसे मासे खात नाहीत असे नाही. पण त्यांच्या माशाला मान नाही, नाव नाही आणि वाली तर नाहीच नाही.

कोकणाशी माझे भांडण नाही. कोकणातल्या माणसाला आपल्या माशाचे कौतुक आहे, ते असावेच. माझे भांडण आहे ते एका समजुतीशी. ती समजूत अशी, की समुद्रातला मासा निसर्गाने दिला म्हणून राखायचा, आणि तलावातला मासा मात्र आपण सोडायचा, फुगवायचा, जाळ्याने ओढायचा आणि तोलून विकायचा. समुद्र तो समुद्र. तलाव म्हणजे थोडा मोठा हौद! खात्यापासून ठेकेदारापर्यंत आणि पुढाऱ्यापासून तुमच्या-माझ्यासारख्या खाणाऱ्यांपर्यंत ही समजूत पक्की बसली आहे. आमच्या मुलखाचे जेवढे नुकसान दुष्काळाने केले नसेल तेवढे या एका समजुतीने केले, असे मी म्हणतो. आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम हा मुलूख पाहा. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १९९९ साली त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तलावांना ती वाटणी ठाऊक नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव मोजले गेले आहेत. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे त्यांचे सरकारी नाव. त्याची आद्याक्षरे घेऊन लोकांनी त्यांना ‘मामा तलाव’ करून टाकले. नाव प्रेमाचे आहे. मामाच्या घरी भाच्याने हक्काने खावे, तसे या तलावांवर चार-पाच शतके आमचा मुलूख जेवला.

हे तलाव कोणी बांधले? परंपरा सांगते की गोंड राजांनी फर्मावले, जो जंगलात तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळेल. आणि कोहळी समाजाच्या माणसांनी ते काम डोक्यावर घेतले. नवेगावबांधचा अफाट जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. या माणसांजवळ दुर्बिणी नव्हत्या, नकाशे नव्हते. पण पाळ कुठे घालावी, पाणी सोडायचे तुडुम कुठे बसवावे आणि जादा पाणी निघून जाण्यासाठी सलंग किती उंचीवर ठेवावी, हे त्यांना बिनचूक कळत होते. वरच्या तलावाची सलंग वाहू लागली की ते पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, बोडीतून नाल्यात, नाल्यातून वैनगंगेला. पाण्याची ही माळ होती, आणि त्याच माळेतून पहिल्या पावसात मासे वर चढत आणि भरल्या पाण्यातून खाली उतरत. म्हणजे कोहळ्यांनी बांधला तो पाण्याचा साठा नव्हता. माणसाच्या हातांनी घडलेली, पण पुढे आपल्या आपण जगू लागलेली अशी ती वस्ती होती. हौद आपल्या आपण जगत नाही. हा पहिला फरक.

दुसरा फरक पाहायचा तर आश्विनात तलावावर यावे. पाऊस ओसरलेला असतो. गढूळ पाणी निवळते. धान पोटरीला येऊन लोंब्या धरू लागलेले असते आणि शेवटच्या पाण्यासाठी अडलेले असते. तुडुम उघडते आणि तलाव हळूहळू काठ सोडू लागतो. पावसाळाभर काठच्या गवतात मुक्काम केलेले मासे खोल पाण्याकडे सरकू लागतात. ढिवरांचे डोंगे पाण्यात उतरतात. एकीकडे शिंगाड्याची तोडणी चालू असते, दुसरीकडे जाळी पडत असतात. कार्तिकात थंडी पडू लागली की उत्तरेकडून बदके येतात. सारा तलाव बाजारच्या दिवसासारखा गजबजून जातो.

या गजबजाटात जो मासा जाळ्यात येतो तो आषाढात कुठे होता, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. मरळीचेच घ्या. पावसाळ्यात मरळ खोल पाण्यात अंडी घालत नाही. ती काठाशी येते, जिथे पाणी मांडीपेक्षा खोल नसते आणि गवत दाट असते. त्या गवतात ती जागा साफ करते, अंडी तिथे तरंगतात, आणि पिल्ले निघाल्यावर आईबाप त्यांची राखण करतात. पिल्लांचा तो तांबूस पुंजका पाण्यावर उकळी फुटल्यासारखा हलत असतो आणि खाली मरळ पहाऱ्यावर असते. मागूर, शिंगी आणि बोटाएवढे ते अनेक चंदेरी मासे, यांचाही पाळणा काठचे गवत आणि उथळ पाणी हाच. खोल पाणी हे मोठ्या माशांचे घर. उथळ पाणी ही बाळंतिणीची खोली. बाळंतिणीची खोली पाडून कोणी घर वाढवतो का? आम्ही वाढवतो.

माझ्या वर्गात एक ढिवराचा मुलगा होता. ‘मासे श्वास कशाने घेतात?’ या प्रश्नाला त्याने उत्तर लिहिले होते: ‘रोहू कल्ल्यांनी घेतो. मरळ वर येऊन तोंडाने हवा घेते. तिला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यात बुडून मरते.’ पुस्तकात एवढेच होते की मासे कल्ल्यांनी श्वास घेतात. मी त्याला पूर्ण गुण दिले. कारण त्याने लिहिले ते शास्त्राने खरे आहे. मरळीला हवा लागते. म्हणूनच ती ओल्या फडक्यात तासन्‌तास जिवंत राहते आणि बाजारात जिवंत विकली जाते. दहा वर्षांच्या त्या पोराला जे ठाऊक होते ते तलावाचे भवितव्य ठरवणाऱ्या किती माणसांना ठाऊक असते?

आता हौदाचे गणित पाहू. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हीरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेण्याचा प्रयोग यशस्वी केला. तोपर्यंत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पुराच्या नदीतून गोळा करावे लागे. कारण हे नदीचे मासे, वाहत्या पुराच्या पाण्यावाचून त्यांना वीण सुचत नाही. चौधरींच्या शोधाने बीज हवे तेवढे मिळू लागले. देशाच्या ताटात मासा आला तो या माणसामुळे. त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. १० जुलै हा दिवस आपण मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतो, तोही उगीच नव्हे.

पण शोध चांगला असला म्हणजे त्याचा वापर चांगलाच होतो असे नाही. बीज विकत मिळू लागले आणि तलावाचा हिशेब सोपा झाला. क्षेत्र किती, बीज किती सोडले, किलो किती निघाले. तीन रकाने आणि खाली सही. जे सोडले नाही ते रकान्यात नाही, आणि जे रकान्यात नाही ते तलावातही नसले तरी कोणाचे काही अडत नाही. मरळ कोणी सोडलेली नसते. ती असली तर उलट गुन्हेगार, कारण ती लहान मासे खाते. वाम, शिवडा, शिंगी यांचीही तीच गत. ज्यांचा हा तलाव, तेच या हिशेबात घुसखोर ठरले.

बरे, रोहू-कटला तरी निदान आपल्या नद्यांचे. १९५९ साली आपल्या देशात आणखी दोन पाहुणे आणले गेले, चीनकडचे. एक चंदेरा आणि दुसरा गवत्या. त्यांच्या जोडीला सायप्रिनस होताच. भराभर वाढतात म्हणून यांचे बीज तलावातलावांत पडले. गवत्याचे नावच त्याचा धंदा सांगते. पाण्याखालचे कोवळे गवत हा त्याचा आहार. म्हणजे ज्या गवतात मरळीने अंडी घालावीत, ज्यात लहान माशांनी लपावे, तेच हा रात्रंदिवस खातो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून खातो आणि पाणी ढवळून काढतो. गढूळ पाण्यात ऊन पोहोचत नाही, आणि उरलेसुरले गवतही खुरटते. मत्स्यशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण बियाण्याची कोठी उंदराच्या स्वाधीन करू नये हे समजायला पदवी लागत नाही. या साऱ्यांवर ताण म्हणजे आफ्रिकेतला तो दांडगा मागूर, बाजारात ज्याला थाई मागूर म्हणतात. पुढे येईल तो जीव खाणारा. त्याच्या पालनाला आपल्या देशात बंदी आहे, आणि बंदी असूनही त्याच्या चोरट्या तळ्यांच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतच असतात.

पाण्यातले गवत असे गेले. काठावर काय आले? बेशरम! दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती. जनावर तिला तोंड लावत नाही, तोडली तरी फुटते, आणि फूल मात्र असे लाघवी की परक्याला वाटावे बाग लावली आहे. आमच्या माणसांनी तिला अगदी जोखून नाव दिले. उथळ काठ हाच तिचाही आवडता मुक्काम. ती आली की खालचे गवत मरते, गाळ साठतो, काठ पुढे सरकतो. मग गाळ काढायची योजना येते.

गाळ काढू नये असे मी म्हणत नाही. तलाव उथळ झाले, पाणी टिकेनासे झाले, हे खरे आहे. आणि तलावातला गाळ शेतात पडला तर शेतकऱ्याचे सोने होते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजना २०१७ साली आली, तिचा हेतू चांगलाच होता. पण हेतू कागदावर असतो आणि जेसीबी तलावात असतो. ब्रासाच्या मापाने बिल निघत असेल तर यंत्र जिथे सोपे तिथे खोदते, आणि सोपे असते काठाशी. उतरता काठ जातो आणि भिंतीसारखी उभी कड उरते. उद्घाटनाच्या दिवशी खड्डा मोठा रुबाबदार दिसतो. पाणी साठते, फोटो निघतात. पण त्या तलावाला उथळ पाणी राहिलेले नसते. तो आता खरोखरीच हौद झालेला असतो, आणि हौदात मरळ वीत नाही.

हे असे होऊ शकते, कारण या तलावाला आज धनी नाही. आणि धनी नाही, कारण धनी फार आहेत. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजार गेला याचे मला तिळमात्र दुःख नाही. वेठबिगारीने वाकलेल्या पाठी त्या काळाने पाहिल्या आहेत. तलाव चांगले होते म्हणून मालगुजारी चांगली होती असे म्हणणाऱ्याने ढिवराच्या किंवा गोवाऱ्याच्या आज्याला विचारावे. पण मालगुजार गेला त्याबरोबर पाळ दुरुस्त करण्यासाठी दर उन्हाळ्यात जमणारे गावही गेले. गावाचे पाण्यावरचे, माशांवरचे, कमळकाकडीवरचे हक्क निस्तारपत्रकात लिहिले होते. ते पत्रक कपाटात गेले. आता तुडुमाचे पाणी एका खात्याचे, माशांचा ठेका दुसरीकडून, उघड्या पडलेल्या तळात गाळपेर करणारा तिसराच, आणि बेशरम कोणाचीच नाही. शेतकऱ्याला पाणी हवे म्हणून तुडुम पार तळापर्यंत उघडले, तर पुढच्या वर्षीच्या विणीसाठी चार मासेही उरत नाहीत. आणि ढिवराने हात जोडून थोडे पाणी राखा म्हटले, तर तो शेतकऱ्याचा वैरी ठरतो. दोघेही एकाच गावचे, एकाच मारुतीला नारळ फोडणारे. त्यांचे भांडण कागदाने लावले आहे.

तलावांचे हे झाले. नदीची कथा याहून कठीण आहे. समुद्राशी भंडाऱ्याचे काही नाते नाही असे ज्यांना वाटते त्यांनी वैनगंगेच्या मोठ्या झिंग्याची गोष्ट ऐकावी. हा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याची पिल्ले जगतात ती गोदावरीच्या मुखाजवळच्या मचूळ पाण्यात. तिथून ती बोटभरही नसलेली पिल्ले प्रवाहाविरुद्ध निघतात. गोदावरीतून प्राणहितेत आणि प्राणहितेतून वैनगंगेत. पूर्व किनाऱ्यापासून शेकडो मैल! जगन्नाथाच्या यात्रेला पायी जाणाऱ्याचे आपण पाय धुतो. समुद्रापासून आपल्या दारी पायी येणाऱ्या या जिवासाठी आपण काय केले? आडवी भिंत घातली. पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली आणि २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. भिंतीने पाणी अडले तसा झिंग्याचा रस्ताही अडला. तो पूर्वीसारखा मिळत नाही हे नदीकाठचा कोणताही ढिवर सांगेल. त्याच जलाशयात नाग नदी आणि कन्हान यांच्या वाटेने नागपूरचे सांडपाणी येऊन मिळते ते वेगळेच.

धरणाने शेते बुडाली, गावे उठली, त्यांचा मोबदला किती आणि कसा मिळाला हा स्वतंत्र विषय आहे. पण ज्याचे शेतच नव्हते, ज्याची सारी इस्टेट म्हणजे एक डोंगा आणि दोन जाळी, त्याने काय दाखवायचे? जमिनीला सातबारा असतो. पाण्याला सातबारा नसतो. नदी बुडाल्याचा दाखला कोणता तलाठी देणार? तेव्हा त्याच पाण्यावर मासेमारीचा हक्क मिळावा म्हणून ढिवरांना मोर्चे काढावे लागले. ज्यांच्या बापजाद्यांना नदीचा प्रत्येक डोह नावाने ठाऊक, त्यांनी परवान्यासाठी रांगेत उभे राहावे, याहून उलटा न्याय कोणता?

माझ्या या बोलण्यावर काही आक्षेप येतात. ते खोटे नसतात, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

कोणी म्हणतो, “गुरुजी, लोकसंख्या वाढली. स्वस्त मासा पाहिजे. तुमची मरळ चार घरांना पुरेल. रोहू-कटला गावाला पुरतो.” खरे आहे. रोहू-कटला सोडू नका असे मी कुठे म्हणतो? ते खोल पाण्यात राहतात, राहोत. मरळ काठाशी राहते, तिला राहू द्या. कोहळ्यांच्या तलावात दोघांनाही जागा होती. गवत्या टाकून, काठ खणून तुम्ही ती जागा घालवता, एवढाच माझा मुद्दा आहे. शिवाय सोडलेल्या माशाचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. काठच्या माशाचे बीज मरळच सांभाळते आणि बिल पाठवत नाही.

दुसरा म्हणतो, “खुद्द ढिवरच बीज सोडा म्हणतात, तुम्ही कोण?” ढिवर म्हणतो, कारण त्याच्या डोक्यावर ठेक्याची रक्कम असते, बीजासाठी काढलेले कर्ज असते आणि हातात मोजकी वर्षे असतात. उद्या हा तलाव आपल्याकडे राहील याची खात्री नसलेला माणूस परवाच्या माशाची काळजी कशी करील? त्याच ढिवराच्या घरी आजारातून कोणी उठले तर चुलीवर कसला रस्सा उकळतो ते पाहा. तो गवत्याचा नसतो.

तिसरा म्हणतो, “मग जो जास्त बोली बोलेल त्याला ठेका द्यावा. ग्रामपंचायतीला पैसा मिळेल, गावात दिवे लागतील.” लागतील. पण बोली बोलून आलेला बाहेरचा माणूस आपली रक्कम वसूल करून जायला आलेला असतो. तो तलाव खरवडून नेतो आणि पुढच्या वर्षी दुसरा तलाव पाहतो. घर भाड्याने देताना भाडेकरू कौले विकणार नाही एवढे तरी आपण पाहतो ना? मच्छीमार सहकारी संस्थांत सारे देवमाणूस आहेत असा माझा दावा नाही; तिथेही चार जणांनीच खुर्च्या धरून ठेवल्याचे मी पाहिले आहे. पण संस्थेतला माणूस गावात राहतो, पाळीवरून रोज जातो, आणि तलाव आटला तर त्याचीच चूल विझते. राखणदार नेमायचा तर ज्याची चूल विझते त्यालाच नेमावा.

आणि हे सारे शक्य आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर पुस्तकातले नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगावकडच्या काही ढिवरांच्या संस्थांनी हे करून दाखवले आहे. त्यांनी बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला. कुठले गवत कोणत्या माशाला मानवते हे आपल्याच म्हाताऱ्या माणसांना विचारून घेतले, आणि ते गवत धानाच्या रोपासारखे चिखलात लावले. बायांनी या कामाला मोठा हात लावला. पाणी भरले, गवत वाढले, आणि न सोडलेले मासे परत आले. पाण्याकडे पाखरेही फिरली. यात कोट्यवधींचा खर्च नव्हता. ज्याला कळते त्याला विचारले, एवढेच. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते तेव्हा त्यांनीही हेच केले होते. माशांची आणि पाखरांची नावे त्यांनी ढिवरांकडून, कोहळ्यांकडून, गोंडांकडून वेचली आणि मराठीला दिली. विचारणाऱ्याला हा मुलूख सांगतो. विचारणारेच थोडे.

म्हणून माझे मागणे थोडक्यात मांडतो. तलाव गावातल्या ढिवरांच्या संस्थेकडे दीर्घ मुदतीने आणि झेपेल अशा रकमेत द्यावा. गाळ काढताना मधला काढावा, काठाचा उतार राखावा. गवत्याचे बीज मामा तलावात टाकू नये. तुडुम किती उघडायचे हे शेतकरी आणि ढिवर यांनी एका ओट्यावर बसून ठरवावे आणि तळाशी माशापुरते पाणी राहू द्यावे. आणि पावसाळ्यात, तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यावर असताना, खालच्या मरळीवर गळ टाकण्याची हौस कोणी करू नये. हे शेवटचे सरकारला सांगायचे नाही. हे आपल्याच गावच्या पोरांना सांगायचे आहे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे उघडलेले असतील. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव दंडारीचा ढोल वाजतो, लेकी-जावई येतात, ओळखीचे अनोळखीचे पाहुणे रात्रभर राहतात, आणि दुसऱ्या दिवशी घराघरातून चिन्नोर भाताच्या वाफेबरोबर माशाच्या रश्शाचा वास सुटतो. त्या दिवशी ढिवरीण दारावर येईल तेव्हा भाव जरूर करा, तो तिचाही हक्क आहे नि तुमचाही. पण टोपलीत काय आहे ते नावाने विचारा. ‘मासे कसे दिले?’ असे विचारू नका. मरळ आहे का, शिंगी आहे का, वाम कुठल्या तलावातली, असे विचारा. तुम्ही पाहुणे होऊन आला असाल तर यजमानाला विचारा. जो मासा नावाने मागितला जातो तो तलावात ठेवण्याचे कारण कोणाला तरी उरते; जो नुसता किलोने मागितला जातो त्याच्या जागी उद्या दुसरे काहीही तोलून दिले जाईल, आणि आपल्याला ते कळणारही नाही.

पापलेटाचा मान पापलेटाला लाभो. आमच्या मरळीला मानाची हाव नाही. तिच्यासाठी काठ उथळ ठेवा, आणि काठाला गवत ठेवा; बाकीचे तिचे ती पाहील.